तेविसाचा नाताळ

आमच्या घरी नाताळ तेवीस तारखेला असतो.
दिवाडीला हे आता ठाऊक झालंय.
फेरीवरचा खलाशी दोर सोडता सोडता विचारतो,
"फाल्यां न्हय गो तुमचें?"

कारण चोविसाला सकाळी झुलेमा मडगावला जाते
शामायकडे, आईच्या आईकडे.
आर्लेत गेली त्या वर्षी मिनीननं दिलेला शब्द आहे तो.
आणि शार्दूल सावंतवाडीला, त्याच्या बाबाकडे:
नाताळच्या सुट्टीचा पहिला आठवडा,
कोर्टाच्या कागदावर कलम चार.
एक शब्द, एक कागद.
दोन्ही पाळायचे, म्हणून
बाळाला आम्ही एक दिवस आधी बोलावतो.
मिनीननं घाबरत घाबरत पाद्रींना विचारलं होतं.
ते म्हणाले, "दिवस भरायच्या आधी झालेली मुलंही जगतात, मिनीन."

पहिल्या वर्षी मी करंज्या केल्या.
झुलेमानं एक उचलली, कानाशी हलवून पाहिली,
"ह्या नेवऱ्या नाहीत."
खरंच नव्हत्या. माझ्या सारणात खसखस,
तिच्या आईच्या वहीत तीळ.
दुसऱ्या वर्षी तीळ घातले. तिनं खाल्ली,
बोलली नाही.
तिसऱ्या वर्षी अर्ध्या अशा, अर्ध्या तशा केल्या
आणि तळल्यावर कुठल्या कुठल्या ते मलाच कळेना.
शेजारी कुस्वाराची ताटं गेली,
कुणाकडे काय गेलं, देव जाणे.

गोठा शार्दूलचा.
दहा दिवस आधी करवंट्यांत नाचणी पेरतो,
दिवसातून चारदा बघतो, उगवली का.
तीन राजांपैकी एकाच्या हातातली सोन्याची पेटी
उंदरानं नेली की काय, सापडेना.
त्यानं राजासमोर सावंतवाडीचं लाकडी सीताफळ ठेवलं,
राजाच्या डोक्याहून मोठं.
"सोन्याचं काय करणार ते बाळ?"

पण कुलकुलं वळायचा काटा झुलेमाचा.
म्हणजे आर्लेतचा.
चारातला एक दात वाकलेला,
त्यामुळे प्रत्येक कुलकुलाच्या पाठीवर
तीन रेघा सरळ, एक तिरकी.
वर्षातून एकदा रुमालातून निघतो,
तीच धुते, तीच पुसते, तीच परत गुंडाळते.
ती त्याला गार्फ म्हणते, मी काटा.
माझ्या शब्दाला टोचायचीही सवय आहे.
मी नव्या कंगव्यावर वळते.
ताटात लांबूनच कळायचं,
कुठली तिची, कुठली माझी.

यंदाही तेविसाला सगळं झालं.
मिनीनच्या नखेत्राचा एक हात नेहमीसारखा आखूड,
केक मधोमध खचलेला,
शार्दूलनं खचल्या जागी काजू भरले,
झुलेमा हसली, मोठ्यानं, आणि लगेच थांबली.

चोविसाला दोघांना फेरीवर सोडून आलो.
ओट्यावर काटा होता.
रुमाल नव्हता.
मी फोन लावला, "झुलू, तुझा गार्फ राहिला इथं."
मागे शामायचा रेडिओ, भांड्यांचा आवाज,
"हां," म्हणाली. मग, "असूंदी."
मग शामायनं तिला हाक मारली.

विसरली असेल.
बसची घाई होती, केसही विंचरले नव्हते तिनं.
मी दुसरा रुमाल शोधला, इस्त्रीचा,
घडी उलगडली, पुन्हा घातली,
आणि काटा चमच्यांच्या खणात टाकला,
रोजच्या काट्यांमध्ये.

रात्री मिसाला जायच्या आधी आम्ही दोघंच जेवायला बसलो.
कालचं सोरपोतेल, कालच्या सान्नां.
मिनीननं खणातून हाताला आला तो उचलला.
दुसऱ्या घासाला थांबला.
ओठाला वाकडा दात लागला असावा.
माझ्याकडे पाहिलं नाही त्यानं,
काट्याकडेही नाही.
बाहेर नखेत्र वाऱ्यानं भिंतीवर आपटत होतं,
आखूड हाताच्या बाजूनं.

मग तो जेवत राहिला.
मी त्याला अजून एक सान्न वाढलं.